विकलेल्या घटकेचा हिशेब

वाण्यानें तराजू कोणता घ्यावा हा प्रश्न वाण्यापुरताच आहे असें सामान्यतः समजलें जातें. परंतु त्या तराजूवर साऱ्या गांवाचें धान्य मोजलें जातें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या प्रश्नाला नीतीचेंहि अंग आहे हें सहज पटतें. हल्लीं असाच एक तराजू सुशिक्षित वर्गाच्या घरोघरीं येऊन बसला आहे. वकील, हिशेबतपासनीस, भाषांतरकार, सल्लागार आणि विशेषेंकरून संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिणारे आमचे असंख्य तरुण आपलें काम आतां तासांवर विकतात. आणि कोणत्या अशिलासाठीं किती तास खर्च झाले याची नोंद ठेवणारीं साधनें बाजारांत इतकीं झालीं आहेत कीं त्यांतलें कोणतें पसंत करावें हा एक चर्चेचाच विषय होऊन बसला आहे. किंमत काय, फोनवर चालतें कीं नाहीं, बिल आपोआप तयार होतें कीं नाहीं, इतके प्रश्न सर्वजण विचारतात. जी वस्तु मोजावयाची ती कोणती, आणि तराजूची दांडी कोणाच्या हातीं राहावी, हे दोन प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. ते येथें विचारावे असा आमचा हेतु आहे.

प्रथम या साधनांचें स्वरूप पाहूं. त्यांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत मनुष्य स्वतः नोंद करितो. टॉगल, हार्वेस्ट, क्लॉकिफाय, किमाई हीं या वर्गांतलीं प्रसिद्ध नांवें. कामाला बसतांना अशिलाचें व कामाचें नांव निवडून कळ दाबावी, उठतांना पुन्हां दाबावी. महिनाअखेर तासांस दरानें गुणून बिल तयार होतें. दुसऱ्या वर्गांतलें साधन, संगणकावर कोणतें पान किती वेळ उघडें होतें हें स्वतःच टिपून ठेवितें, आणि त्यांतला कोणता वेळ कोणाच्या खातीं घालावयाचा हें काम करणारा संध्याकाळीं ठरवितो. तिसऱ्या वर्गांतल्या साधनाचें काम पहाऱ्याचें. परदेशांतील कामें मिळवून देणारी अपवर्क नांवाची जी बाजारपेठ आहे, तिचें साधन दर दहा मिनिटांच्या अवधींत एकदां, आधीं न सांगतां, काम करणाऱ्याच्या पडद्याचें चित्र घेतें, आणि कळफलकावर व माउसवर हात किती चालला याची मोजदाद काम देणाऱ्याला दाखवितें. नको असलेलें चित्र काम करणाऱ्याला पुसतां येतें. मात्र त्याबरोबर त्या दहा मिनिटांची मजुरीहि पुसली जाते. जुन्या पेढीच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिलें साधन ही रोजकीर्द, दुसरा कारकून आणि तिसरा मुकादम होय.

काळ मोजणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. तळाला बारीक छिद्र असलेलें आमचें घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवीत. तें भरून बुडालें म्हणजे एक घटका, म्हणजे २४ मिनिटें झालीं. अशा ६० घटकांची अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त त्यावर साधीत. तेथें काळ मोजला जाई, परंतु तो विकला जात नसे. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनीं तर सावकारावर असा आक्षेप घेतला होता कीं, व्याज घेणारा वस्तुतः काळ विकतो, आणि काळ हा ईश्वराचा असल्यामुळें तो विकण्याचा त्याला अधिकार नाहीं. आमच्याकडे कौटिल्यानें या बाबतींत अधिक व्यवहारी नियम घालून दिला आहे. वेतन आधीं ठरलें असेल तर ठरल्याप्रमाणें द्यावें, आणि ठरलें नसेल तर तें काम व काळ या दोहोंना अनुरूप असावें, असें अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. काम आणि काळ हे दोन शब्द त्यानें जोडीनें वापरले, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. कारण आधुनिक व्यवहारांतला बराचसा घोटाळा या जोडींतला पहिला शब्द गळून पडल्यामुळें झाला आहे, असें आम्हांस वाटतें.

तो कसा गळाला याचा इतिहास अमेरिकन वकिलांच्या पेढ्यांत सांपडतो. रेजिनल्ड हीबर स्मिथ हे बोस्टन शहरांत गरिबांना कायद्याचें साहाय्य देणाऱ्या संस्थेचें काम करून १९१९ सालीं हेल अँड डॉर या पेढींत आले. गरिबाला न्याय कां मिळत नाहीं याविषयींचा त्यांचा ग्रंथहि त्याच वर्षाचा. या गृहस्थांनीं पेढींतल्या प्रत्येक वकिलास आपल्या दिवसाची टीप ठेवावयास लाविलें आणि तिच्यासाठीं तासाचा दहावा हिस्सा, म्हणजे सहा मिनिटें, हें माप ठरविलें. आमच्या जुन्या गणितांत हीं बरोबर १५ पळें होतात. कोणतें काम पेढीला केवढ्याला पडतें हें पेढीला स्वतःस कळावें, हा या टिपेचा मूळ उद्देश होता. पुढें १९५८ सालीं अमेरिकन बार असोसिएशननें एक पुस्तिका काढून वकिलांना सांगितलें कीं, तुमची मिळकत इतर व्यवसायांच्या मानानें मागें पडली आहे, तेव्हां तासांचा हिशेब ठेवा; वर्षाला सुमारें १३०० तासांचें मोल घेतां येईल असा तिचा अंदाज होता. १९७५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें गोल्डफार्ब खटल्यांत, वकिलांच्या संघानें कमीत कमी फी ठरवून देणें हें स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे असा निकाल दिला, आणि फीचीं ठरीव कोष्टकें गेलीं. त्यानंतर तासाचें राज्य निर्वेध झालें. जी टीप पेढीनें स्वतःच्या माहितीसाठीं लिहावयाची, तीच अशिलाच्या हातीं द्यावयाचें बिल बनली. आज तेथील अनेक मोठ्या पेढ्या तरुण वकिलाकडून वर्षाला १९०० ते २००० तासांची अपेक्षा करितात. सहा मिनिटांची टीप ठेवणाराच हळूहळू सहा मिनिटांचा गुलाम झाला.

असें असलें तरी तासाच्या मापावर सरसकट दोष ठेवणें अन्यायाचें होईल. त्यापूर्वीची स्थिति कांहीं सत्ययुगाची नव्हती. मुंबईच्या हायकोर्टांत बॅरिस्टरांची फी मोहोरांत मोजीत, आणि किती मोहोरा हें खटल्याच्या वजनाइतकेंच बॅरिस्टराच्या कीर्तीवर व अशिलाच्या ऐपतीवर ठरे. अशिलाचा अंगरखा पाहून फी सांगणारे वकील प्रत्येक जिल्ह्याच्या गांवीं लोकांनीं पाहिले आहेत. निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास आमच्या बार कौन्सिलच्या नियमांनीं वकिलांस मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु मग फी ठरवावी तरी कशावर? ज्याला कायदा कळत नाहीं, संगणकाची भाषा कळत नाहीं, त्या बिचाऱ्या अशिलाला कामाची गुणवत्ता पारखतां येत नाहीं. घड्याळ मात्र त्यालाहि वाचतां येतें. तासाचें माप हें अजाण मनुष्याला जाणत्याशीं व्यवहार करतांना मिळालेलें एक संरक्षण आहे. श्रीमंताचा तास आणि गरिबाचा तास त्या मापांत सारखाच भरतो. पुणें, हैदराबाद, बंगळूर येथील हजारों तरुणांना सातासमुद्रांपलीकडच्या अनोळखी माणसाचें काम मिळूं शकतें, त्याला या मापाचा मोठाच आधार आहे.

आतां दुसरी बाजू. १८७८ सालीं लंडनच्या न्यायालयांत चित्रकार व्हिसलर यानें रस्किनवर अब्रुनुकसानीची फिर्याद लाविली होती. रात्रीच्या आकाशांत दारूकाम उडत असल्याचें त्याचें एक चित्र दोनशें गिनींना विक्रीस होतें, आणि रस्किननें त्याविषयीं फार कठोर शब्द लिहिले होते. उलटतपासणींत रस्किनच्या वकिलानें व्हिसलरकडून हें चित्र दोन दिवसांत झाल्याचें वदवून घेतलें, आणि मग विचारलें कीं, या दोन दिवसांच्या श्रमाचे तुम्ही दोनशें गिनी मागतां काय? व्हिसलरनें उत्तर दिलें तें असें कीं, आपण सबंध आयुष्यांत मिळविलेल्या ज्ञानाचे ते मागतों. न्यायालयानें त्याला जिंकविलें, परंतु नुकसानभरपाई म्हणून अवघा एक फार्दिंग दिला, आणि पुढच्या वर्षीं बिचाऱ्याचें दिवाळें निघालें. तरीहि त्या उत्तरांतलें सत्य नाकारतां येत नाहीं. दहा वर्षें झिजून ज्यानें आपली कला साधली त्याचा एक तास आणि कालच्या नवशिक्याचा एक तास घड्याळाच्या कांट्याला सारखेच दिसतात. किंबहुना, तासाच्या मापांत निष्णाताला दंड होतो. जें काम नवशिका पांच तास करितो तें तो एका तासांत उरकतो आणि एकाच तासाचे पैसे घेऊन घरीं जातो.

येथेंच मोहाचें दार उघडतें. सहा मिनिटांचा फोन पंधरा मिनिटांचा लिहावा. एका अशिलासाठीं प्रवास करीत असतां दुसऱ्याचे कागद वाचून दोघांसहि तोच तास लावावा. एकदां केलेला मसुदा नांव बदलून दुसऱ्याला द्यावा आणि मूळचे सर्व तास त्याच्याहि खातीं घालावे. या मोहांची गणना कल्पित नाहीं. अमेरिकन बार असोसिएशनला १९९३ सालीं आपल्या मतपत्रांत हे प्रकार निषिद्ध असल्याचें स्पष्ट सांगावें लागलें. २०२४ सालीं तिनें कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीं असेंच मत दिलें: यंत्राच्या साहाय्यानें काम लवकर झालें, तर जो वेळ प्रत्यक्ष लागला तेवढ्याचेंच मोल तासाच्या बोलीवर घेतां येतें. म्हणजे व्हिसलरचा प्रश्न आज प्रत्येक कचेरींत पुन्हां उभा राहिला आहे. पूर्वीं पांच तासांचें असलेलें काम आज एका तासांत होतें. तर मग कौशल्याचें मोल बुडूं द्यावें, कीं एकाचे पांच लिहावे?

आमच्या मतें या कोड्याचा उलगडा व्हिसलरच्याच वर्तनांत आहे. त्यानें किंमत आधीं सांगितली होती. ज्याला परवडेल त्यानें घ्यावें, नसेल त्यानें पुढें जावें. दोन दिवसांचे दोनशें दिवस लिहून त्यानें तीं रक्कम बिलांत भरली नाहीं. कौशल्याचें मोल घेणें हा ज्याचा त्याचा हक्क आहे. तें घेण्याचे मार्गहि उघडे आहेत. दर वाढवावा, किंवा सबंध कामाची ठोक किंमत आधीं बोलून घ्यावी. परंतु तासाची बोली एकदां झाल्यावर, वहींत जो तास लिहावयाचा तो घडलेलाच असला पाहिजे. किंमत हा करार आहे, आणि नोंद ही साक्ष आहे. करारांत मनुष्यानें हवी तेवढी घासाघीस करावी, साक्षींत मात्र तसूभरहि करूं नये. हे दोन व्यवहार एकमेकांत मिसळले म्हणजे मनुष्य स्वतःलाहि न कळत खोटा साक्षीदार होतो, आणि आपण केवळ आपल्या ज्ञानाचें मोल घेत आहों असें स्वतःस समजावीत राहतो.

साक्षीचा विचार मनांत ठेवला म्हणजे मुकादमी साधनांचा दोष कोठें आहे तेंहि दिसतें. साक्ष मनुष्यानें द्यावयाची असते; चाकराच्या डोळ्यांवर डोळा ठेवून ती काढून घेतां येत नाहीं. ऑगस्ट १९११ मध्यें अमेरिकेंतील वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारांत ओतकाम करणाऱ्या कामगारांच्या शेजारीं घड्याळ घेऊन मनुष्य उभा केला, तेव्हां त्यांनीं काम सोडून दिलें. टेलरच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा तो प्रयोग होता. प्रकरण थेट काँग्रेसपर्यंत गेलें, आणि १९१५ पासून लष्करी खर्चाच्या मंजुरींत अशी अट घालण्यांत आली कीं, हा पैसा घड्याळ लावून कामगाराचें काम मोजण्याकडे खर्चूं नये. ती अट १९४९ पर्यंत टिकली. ओतकाम निदान डोळ्यांना दिसतें. विचार करणाराचें काम डोळ्यांना दिसत नाहीं. कठीण चूक शोधणारा प्रोग्रॅमर खिडकीबाहेर पाहत वीस मिनिटें स्वस्थ बसतो, आणि मग चार ओळी लिहितो. मुकादमाच्या लेखीं तीं वीस मिनिटें आळसाचीं आणि त्या चार ओळी कामाच्या. उलट, निरर्थक टंकलेखन करीत बसणारा त्याच्या दृष्टीनें उद्योगी ठरतो. जें मोजलें जातें तेंच लोक पुरवितात. माउस आपोआप हालवीत ठेवणारीं यंत्रें बाजारांत विकत मिळूं लागलीं, आणि २०२४ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या बँकेनें कळफलकावर काम चालल्याचा देखावा केल्यावरून डझनाहून अधिक नोकरांस काढून टाकल्याचें प्रसिद्ध झालें. त्या नोकरांचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु बोटांची हालचाल हीच ज्या व्यवहारांत साक्ष मानली जाते, तेथें खोटी साक्षहि बोटांनींच दिली जावी यांत नवल नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हें तत्त्वज्ञान वर्गांत ठीक आहे. अनोळखी परदेशी मनुष्य केवळ शब्दावर कसा विश्वास ठेवील? हा आक्षेप हलका नाहीं. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यांत चार माणसांची छोटी कचेरी चालवितो. एका परदेशी गिऱ्हाइकानें त्याला मोठें काम देऊं केलें, आणि पडद्याचीं चित्रें घेणारें साधन सर्वांनीं वापरावें अशी अट घातली. कचेरीचे निम्मे पगार त्या कामावर निघणार होते. चौघांतल्या एका बाईंच्या घरीं सासरे अंथरुणाला खिळलेले. त्या दर तासाला उठतात, आणि पहाटे व रात्रीं बसून आपलें काम चोख पुरें करितात. त्या साधनाच्या नजरेंतून पाहिलें तर कचेरींतल्या सर्वांत विश्वासू बाई सर्वांत बेभरंवशाच्या ठरणार होत्या. साधन कोणतें घ्यावें असें त्यानें आम्हांस विचारलें. आम्हीं त्यास इतकेंच सांगितलें कीं, मालकानें जी अट स्वतःवर लावून घेण्याची तयारी नसेल ती हाताखालच्यांवर लावूं नये. आणि गिऱ्हाइकाची भीति खरी आहे असें धरून तिला दुसरें उत्तर द्यावें. त्यानें हातानें नोंद करावयाचें साधन घेतलें, त्यांतलें पान गिऱ्हाइकाला केव्हांहि पाहतां येईल असें उघडें ठेविलें, प्रत्येक नोंदीपुढें काय केलें हें सरळ वाक्यांत लिहिण्याचा नियम केला, आणि पहिल्या महिन्याचें काम न आवडल्यास पैसे न देण्याची मुभा दिली. गिऱ्हाइकानें निम्मेंच काम त्याच्याकडे दिलें. उरलेलें दुसऱ्या कचेरीला गेलें. दोन महिने त्यानें स्वतःचा पगार घेतला नाहीं. सचोटीला किंमत पडत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ती कोणी द्यावयाची हें ठरवितां येतें, आणि त्यानें ती त्या बाईंवर ढकलली नाहीं.

या उदाहरणावरून साधन निवडण्याच्या कांहीं कसोट्या आपोआप निघतात. नोंद करणाऱ्यानेंच ती करावी, आणि चुकली असल्यास दुरुस्त करावी, पण दुरुस्तीची खूण मागें राहावी. जुन्या कीर्दींत खाडाखोड न करितां चुकीची रक्कम उलट बाजूस जमा दाखवीत, ती रीत येथेंहि उत्तम. माप बारीक असावें. साधनांत सहा मिनिटांचे पंधरा आपोआप करण्याची सोय असते, ती बंद ठेवावी, किंवा अशिलाला आधीं सांगून चालू करावी. तासाच्या आंकड्यापेक्षां त्यापुढच्या वर्णनाला अधिक जागा असावी, कारण कौटिल्याच्या जोडींतला गळालेला शब्द तेथेंच परत येतो. बिलांत न घालावयाचा वेळहि त्यांत लिहितां यावा. नवशिक्याला शिकविण्यांत गेलेला, स्वतःच्या चुकीच्या दुरुस्तींत गेलेला. असा वेळ ज्या वहींत मावत नाहीं, तेथें तो दुसऱ्या कोणाच्या तरी बिलांत शिरतो. शेवटीं, वही आपली असावी. साधन सोडतांना सर्व नोंदी बरोबर नेतां याव्या. किमाईसारखें, ज्याची घडण सर्वांना खुली आहे आणि जें स्वतःच्या यंत्रावर ठेवतां येतें असें साधन, ज्यांना तितकी खटपट जमेल त्यांनीं जरूर पाहावें. दुसऱ्या वर्गांतला कारकून ज्याला विसरण्याची खोड आहे त्यानें अवश्य ठेवावा, मात्र त्याची टीप मालकाच्या आधीं काम करणाऱ्याच्याच डोळ्यांखालून जावी.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि साधनाच्या कक्षेबाहेरची आहे, आणि तिचा इशारा दिल्याशिवाय हा लेख पुरा करवत नाहीं. प्लेटोच्या आदर्शराज्यावरील संवादाच्या पहिल्या भागांत असा एक भेद केला आहे कीं, वैद्य रोग्याला बरा करितो तो वैद्यकलेनें, आणि पैसा मिळवितो तो मिळविण्याच्या वेगळ्या कलेनें. दोन्ही एकाच मनुष्यांत नांदतात, परंतु त्या एक नव्हेत. दिवसभर पंधरा पळांचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हा भेद हळूहळू दिसेनासा होण्याची भीति असते. तो मुलाला गणित समजावून सांगावयास बसतो, आणि या तासाचे किती झाले असते याचा आंकडा त्याच्या मनांत येतो. म्हाताऱ्या आईपाशीं बसलेली घटका त्याला बुडीत खात्यांतली वाटूं लागते. विकलेल्या तासाचा चोख हिशेब ठेवण्याचा एक मोठा लाभ आमच्या मतें हाच आहे कीं, कोणता तास विकलेला होता हें त्यामुळें निश्चित कळतें. संध्याकाळीं वहींत शेवटची खरी नोंद करून कळ दाबली, म्हणजे पुढचा काळ कोणाच्याहि खातीं नाहीं. घरच्या माणसांनीं त्या वेळीं आपल्याकडे हिशेबाच्या चष्म्यांतून न पाहणारा मनुष्य मागितला, तर ती मागणी रास्त आहे. आणि ज्याची दिवसाची नोंद खरी आहे त्याला ती पुरवितांना फारशी अडचण पडूं नये.